पाटी गेली, मोबाईल आला. पण घरात फोन एकच

दहावीचा निकाल लागला की पूर्वी पोरं शाळेकडं पळायची. आता ती पळतात तालुक्याच्या ऑनलाईन सेंटरवर. निकालाची प्रिंट, आधार अपडेट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आणि त्यात भर म्हणजे अकरावीचा ऑनलाईन अर्ज. मुंबईत २००९ पासून चालू असलेली ही केंद्रीय प्रवेश पद्धत बरीच वर्षं मोठ्या शहरांपुरतीच होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं, आणि नोंदणी खऱ्या अर्थानं सुरू व्हायला २६ मे उजाडला.

शहरातल्या मुलाला दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे असतात, तिथं ही पद्धत समजू शकते. ज्या गावाच्या वीस किलोमीटरच्या टापूत एकच ज्युनिअर कॉलेज आहे, तिथल्या पोरानं पसंतीक्रम कसला भरायचा? कालपर्यंत ते दाखला आणि गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जायचं, क्लार्क नाव लिहून घ्यायचा, काम संपलं. आता लॉगिन लागतो, पासवर्ड लागतो, ओटीपी लागतो. ओटीपी येतो वडिलांच्या नंबरवर, आणि वडील असतात रानात. सेंटरवाला "फोन लावा, आकडा विचारा" म्हणतो आणि मागची रांग चुळबुळ करते.

शिक्षणातलं तंत्रज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्मार्ट बोर्ड येतो. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याची तंत्रज्ञानाशी पहिली गाठ पडते ती मात्र अशी, कागदाच्या कामात. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, विद्यार्थ्यांची माहिती यूडायसवर, आता प्रत्येकाचा अपार आयडी. गुरुजींचा निम्मा वेळ याच भरण्यात जातो, अशी ओरड प्रत्येक शिक्षक संघटना करते, आणि ती खोटी नाही.

आजोबांची पाटी

आज जे सत्तरीत आहेत त्यांची शाळा देवळात नाहीतर चावडीत भरायची. दगडी पाटी, पाटीवरची पेन्सिल, पुढच्या वर्गात गेल्यावर टाक-दौत आणि शाईची पुडी. पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत घ्यायची आणि वापरून झाली की खालच्याला द्यायची. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी, परवडणारी पाठ्यपुस्तकं गावापर्यंत पोचू लागली. खरं तर या राज्यातल्या शाळांच्या तंत्रज्ञानातला सगळ्यात मोठा बदल हाच म्हटला पाहिजे. स्वस्त छापील पुस्तक. त्याचा कधी कुणी गाजावाजा केला नाही.

रात्रीचा अभ्यास रॉकेलच्या चिमणीवर. मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात नंबर बघून कळायचा, आणि ते वर्तमानपत्र एसटीनं येईपर्यंत अख्खं गाव स्टँडवर. त्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. आजही उसाच्या बिलाचा हिशोब असे आजोबा तोंडी करतात, आणि नातू मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आकडा सांगून मोकळे होतात.

हे कौतुक रास्त आहे, पण ते करताना एक गोष्ट विसरली जाते. त्या वर्गातल्या किती मुली चौथीच्या पुढं गेल्या? ज्यांना पाठांतर जमलं नाही, ती पोरं कुठं गेली? ती गुरं राखायला गेली. आज कौतुक सांगणारे आहेत ते टिकलेले.

टीव्ही कपाटात, गाईड दप्तरात

त्यानंतरची पिढी, म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली, टीव्हीच्या काळातली. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवर मराठीत शाळेचे कार्यक्रम येऊ लागले. कार्यक्रम चांगले होते. अडचण गावाकडची होती. शाळेला टीव्ही मिळाला तर वीज नाही, वीज आली तर अँटेना वाऱ्यानं फिरलेला. बऱ्याच ठिकाणी तो टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलपात, कापड घालून ठेवलेला असायचा. कारण काय, तर बिघडला तर जबाबदारी कुणाची? पुढं बालचित्रवाणीच बंद पडली. महागडी वस्तू जपून ठेवण्याची ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुढच्या प्रत्येक यंत्राच्या नशिबी आली.

या पिढीचा अभ्यास प्रत्यक्षात बदलला तो गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि झेरॉक्स यांनी. झेरॉक्स मशीन तालुक्याला आलं आणि हुशार पोराच्या वहीची किंमत वाढली. लिहून काढायचे कष्ट गेले. लिहिता लिहिता जे डोक्यात राहायचं, तेही गेलं.

मग २००१ साली एमकेसीएल आली आणि तिच्यामागून एमएससीआयटी. सरकारी नोकरीला हे सर्टिफिकेट लागणार म्हटल्यावर तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. भारनियमनाचे दिवस ते. लाईट असेल त्या वेळी बॅच, मग ती सकाळी सहाची असो नाहीतर रात्री नऊची. एसटीचा पास काढून आलेली पोरं-पोरी एका संगणकावर दोघं-तिघं बसायची. यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला तो तिथं. आज गावोगावी जी ऑनलाईन सेंटरं दिसतात, ती चालवणारे अनेक जण याच बॅचमधून बाहेर पडलेत. सर्टिफिकेटवर नोकरी लागली नाही, दुकान मात्र लागलं.

चार वर्षांत उलटापालट

पाटीपासून एमएससीआयटीपर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. पुढचं सगळं चार-पाच वर्षांत घडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'असर' या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलं. पोराच्या शाळेसाठी म्हणून कुणी दुधाच्या पगारावर उचल घेतली, कुणी हप्त्यावर फोन उचलला. फोन आला, तरी ज्या घरात तो होता त्यातल्याही २६ टक्के मुलांच्या हातात अभ्यासासाठी तो पडतच नव्हता.

त्याचं कारण शेतकऱ्याच्या घरात उघड आहे. फोन एक आणि कामं दहा. मोटर मोबाईल स्टार्टरवर, बाजारभाव व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्रपाळीची लाईट आली की पाणी धरायला जाताना बॅटरी म्हणून तोच फोन. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा तर फोनच जिल्ह्याबाहेर. ऑनलाईन वर्ग सकाळी दहाचा आणि फोन घरी येणार संध्याकाळी सातला.

त्या काळात फोनशिवाय ज्यांनी वाट काढली, त्यांची आठवण ठेवायला हवी. पालघरच्या मोखाडा भागात 'बोलकी शाळा' म्हणून लाऊडस्पीकरवर धडे ऐकवले गेले. सोलापुरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे आणि गणितं रंगवून घेतली. पोरं अंतर ठेवून उभी राहून वाचायची. त्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांचं गाजलेलं काम पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं. आज बालभारतीच्या पुस्तकात तो चौकोनी ठिपका असतो. तो किती घरांत स्कॅन होतो, हे प्रत्येकानं आपापल्या घरात बघावं.

सातचा भोंगा

शाळा उघडल्या, पण फोन काही परत गेला नाही. ग्रामीण भागात शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला पाचवीपासून पुढं सुरू झाल्या. तोवर दीड वर्षात पोरांचा हात बसला होता. यावर गावांनी आपापली उत्तरं शोधली. त्यातली दोन बघण्यासारखी आहेत.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा, मग ज्याला जे करायचं ते करावं. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षक घरोघर फिरून बघायचे. देशभरच्या माध्यमांनी त्याची बातमी केली.

दुसरं उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाचं. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. समजावून सांगायचं, आणि नाही ऐकलं तर दंड.

दोन्ही गावांची कळकळ खरी. पण दोन्ही ठरावांत फरक आहे. बान्सीचा नियम फक्त पोरांवर आहे, वडगावचा घरातल्या सगळ्यांवर. सात ते साडेआठ ही मालिकांची वेळ, बापाच्या रीलची वेळ. वडगावात आईनं मालिका सोडली आणि बापानं फोन खाली ठेवला, तेव्हा पोरगं वही घेऊन बसलं. बान्सीसारख्या बंदीची अडचण अशी, की अर्ज, शिष्यवृत्ती, शाळेचा ग्रुप, क्यूआर कोड, सगळं फोनवर आणि फोन मात्र मना. नियम मोडल्याशिवाय शाळाच पुरी होत नाही. ज्या गावांना असा ठराव करायचा असेल, त्यांनी वयापेक्षा वेळेचा करावा. तो पाळता येतो आणि त्यात मोठी माणसंही सापडतात.

आता 'असर'चेच २०२४ चे आकडे. चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं, असं सांगणारे ५७ टक्के. सोशल मीडिया वापरला, असं सांगणारे ७६ टक्के. म्हणजे फोनवर अभ्यास होतच नाही हेही खोटं आणि पोरगं फोनवर अभ्यासच करतंय हेही खोटं. या आकड्यांत सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडं स्वतःचा फोन आहे, मुलींत हे प्रमाण २७ टक्के. पोराला बारावीला फोन मिळतो, कारण त्याला "लागतो". पोरीला तो आईचा, तोही आई घरी असेल तेव्हा, आणि हातात घेतला की "कुणाशी बोलतीयस" हा प्रश्न. चौथीनंतर मुलीची शाळा सुटायची ते दिवस गेले. आता तिची शाळा सुटत नाही, नेट सुटतं. नर्सिंगचा, पोलीस भरतीचा, सीईटीचा अर्ज भरायची शेवटची तारीख कुणाला आधी कळणार, हे त्यावर ठरतं.

अलीकडं आणखी एक गोष्ट वर्गात आली आहे. निबंध आता गाईडातून उतरवत नाहीत, फोनला विचारतात. गुरुजींना तो लगेच ओळखू येतो, कारण पावसाळ्यावरच्या निबंधात ना चिखल असतो ना पेरणी. गाईडच्या काळातही पोरं उतरवतच होती, फक्त तेव्हा निदान हातानं लिहावं लागायचं.

डिजिटल शाळेचं बिल

राहिला प्रश्न शाळेतल्या यंत्रांचा. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषद शाळा डिजिटल करायची लाट आली. पैसा सरकारचा कमी, लोकवर्गणीचा जास्त. गावानं पट्टी काढली, बाहेरगावच्या नोकरदारांनी हातभार लावला, प्रोजेक्टर आले, टॅब आले, फीत कापली, फोटो छापून आले. लोकांनी शाळेसाठी स्वतःहून खिशात हात घातला, ही साधी गोष्ट नव्हती.

वर्गणी मात्र वस्तूला मिळाली, वस्तू चालवायला नाही. वीजबिल थकलं म्हणून राज्यात कितीतरी जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडली गेली. बॅटरी उतरली, प्रोजेक्टरचा दिवा गेला, दुरुस्तीला लेखाशीर्ष नाही. हौशी शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर पासवर्डही गेला. आणि मग ते यंत्र जातं कुठं, तर चाळीस वर्षांपूर्वी टीव्ही गेला होता त्याच कपाटात.

काही ग्रामपंचायती शाळेचं बिल आपल्या निधीतून भरतात, काही गावांनी सोलर बसवून घेतला आहे. तिथं प्रोजेक्टर चालू दिसतो. बाकी ठिकाणी जूनमध्ये शाळा उघडायच्या आत शाळा व्यवस्थापन समितीनं दोनच गोष्टी विचाराव्यात: वीजबिल कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय, आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे.