सहलीची तारीख चंद्राला विचारून ठरवा

हिवाळा आला की जळगाव-धुळ्याकडील शाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. वेरूळ, अजिंठा पाहून झालेले असतात, म्हणून कोणीतरी मालवणचे नाव काढतो. धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, तेथून आसपासचे खडक, आणि तोंडात नळी धरून पाण्याखालची प्रवाळे पाहणे, म्हणजेच स्नॉर्केलिंग. बेत छानच आहे. पण तारीख कशी ठरते? चाचणी परीक्षा कधी संपते आणि एस. टी. कधी मिळते, एवढे पाहून. ७०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून ज्याच्याकडे जायचे, त्या समुद्राची सोय कोणी विचारीत नाही. माझे स्पष्ट मत असे की, ही सहल आधी वर्गातील फळ्यावर आखावी, आणि ती विद्यार्थ्यांनी आखावी. भूगोल आणि पदार्थविज्ञान यांचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच होईल.

आपण खानदेशातील माणसे पोहायला शिकतो ती विहिरीत, नाहीतर तापी-गिरणेच्या डोहात. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि नदी एकाच दिशेने वाहते. समुद्राचे तसे नाही. कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, म्हणजे पाणी चार वेळा दिशा बदलते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते व उधाण येते. तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते, प्रवाह जोराचे असतात आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास ही आकर्षणे एकमेकांना काटकोनात असतात. ती भांगाची भरती. ती सर्वांत सौम्य होते अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, कारण एवढ्या प्रचंड पाण्याला चंद्राच्या मागे यायला वेळ लागतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब फार सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. हा हिशेब बरोबर का येतो ते पाहू. चंद्र सूर्यापासून एका तिथीत १२ अंश पुढे सरकतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून भरती रोज १२ भागिले १५ तास, म्हणजे ४८ मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला एवढी चूक चालते. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या मागेपुढे पाणी भरून थबकेल, प्रवाह मंद असेल, आणि दुपारचे खारे वारे सुटून लाटा उसळण्यापूर्वी आपल्याला दोन-तीन तास मिळतील. दशमी-एकादशी म्हणूनच सोयीची. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, आणि लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. आपला हिशेब त्यांच्याशी ताडून पाहा.

येथे एक पेच आहे. किल्ल्याशेजारच्या पद्मगडाला ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येते. पण त्यासाठी मोठी ओहोटी, म्हणजे उधाणाचे दिवस हवेत, आणि स्नॉर्केलिंगला भांगाचे. एकाच दिवशी दोन्ही साधणार नाही. मग पद्मगड होडीतूनच पाहावा. काय सोडायचे हे ठरवता येणे हाच नियोजनाचा मुख्य भाग आहे.

आता नळीविषयी. ठिबक सिंचनाच्या नळ्या जळगावच्या मुलांना नव्या नाहीत. तेव्हा कोणाच्या तरी मनात येईलच की, लांब नळी घेऊन मीटरभर खाली का जाऊ नये? उत्तर गणितात आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०,००० न्यूटन वाढतो. छातीचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरले तर तिच्यावर ५०० न्यूटन बल येते. एवढेच वजन सिमेंटच्या भरलेल्या गोणीचे असते. गोणी छातीवर ठेवून श्वास घ्यायचा, आणि वर लांब नळीत साठलेली उच्छ्वासाचीच हवा पुन्हा आत ओढायची! म्हणून नळी हातभरच असते आणि तरंगतच पाहायचे असते. अंगात तरंगजाकीट हवेच, पोहता येत असले तरी.

हे सारे मी आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, उधाण नव्हते. तेव्हा चांगली तिथी काढली की काम झाले, असे कोणीही समजू नये. तिथी पाणी कसे असेल ते सांगते. कोण पाण्यात उतरणार, किती जण एका वेळी, आणि स्थानिक नावाड्याने ‘आज नको’ म्हटले तर परतायचे की नाही, हे आपण ठरवायचे असते. माझ्या मते हा शेवटचा निर्णय निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. किनाऱ्यावर उभे राहिल्यावर चाळीस मुलांच्या उत्साहापुढे शिक्षकांचे काही चालत नाही.

आणखी एक जीव या सहलीत धोक्यात असतो, तो प्रवाळाचा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गोलाकार वाढणारी प्रवाळे वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. एका लाथेने दहा वर्षांची वाढ तुटते. दमल्यावर त्यांच्यावर उभे राहायचे नाही, यासाठीही तरंगजाकीट हवे.

शिक्षकबंधूंना माझी सूचना अशी : सहलीच्या महिनाभर आधी दहा-बारा मुलांची समिती नेमा. त्यांनी पंचांग व कोष्टके पाहून तीन तारखा सुचवाव्यात, प्रत्येकीची कारणे फळ्यावर मांडावीत, आणि बाकीच्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. मुख्याध्यापकांनी त्या तिन्हींतूनच एक निवडावी. एस. टी.चे आरक्षण त्यानंतर करावे.