जुनी सायकल कापण्याआधी जरा थांबा!

पुणेकरांनो, सध्या एक नवीन खूळ आलंय. भंगारातून जुनी काळी सायकल उचलायची, दांडी कापायची, जागी वाकवलेली नळी वेल्ड करायची, जाड टायर घालायचे आणि ‘व्हिंटेज क्रूझर’ म्हणून फोटो टाकायचा. लाइक पडतात. सायकल मात्र महिन्याभरात पार्किंगच्या कोपऱ्यात, नाहीतर कुठल्यातरी कॅफेच्या भिंतीवर.

स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. याला छंद म्हणत नाहीत, नासधूस म्हणतात.

क्रूझर ही मूळची अमेरिकेची. श्विन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरची सायकल आणली, तिथून ती घडत गेली. २६ इंची चाक, दोन इंचांहून रुंद टायर, निवांत चाल. ती फ्रेम त्याच टायरसाठी बनलेली. आपली काळी सायकल इंग्लिश रोडस्टरच्या घराण्यातली. २८ इंची चाक, दीड इंची टायर, सळईचे ब्रेक. दूधवाल्याचे कॅन आणि पेपरवाल्याचे गठ्ठे हिनेच वाहिले.

तिच्यात जाड टायर मागे बसत नाही, मग पोरं नळ्या फाकवतात. २६ इंची चाक घातलं की सगळी फ्रेम जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली येते, आणि वळताना पायडल रस्त्याला घासतं. दांडी कापली तर विचारूच नका. तो त्रिकोणच सगळा भार पेलतो. या नळ्या पातळ असतात, जोड पितळ वितळवून केलेले. त्यावर ग्रिलवाल्याचं वेल्डिंग मारलं की नळी जळते. उद्या उतारावर ती तुटली तर दात तुमचेच पडणार.

बनवायचीच आहे ना? जरूर बनवा. पण न कापता, आणि फ्रेम बघून घ्या. रंगाला भुलू नका, लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे लांबी भरलेली आहे. हँडलखालच्या जोडामागे नळीवर सुरकुती दिसली तर ती सायकल कुठेतरी धडकलेली आहे, सोडून द्या. मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं नसेल तर फ्रेम वाकडी. सीटची नळी गंजून अडकली असेल तर आधी ती निघते का बघा. आणि मुख्य म्हणजे, दांडीवर पाय टाकून उभं राहता येईल अशीच उंची घ्या. मग रुंद हँडल लावा, स्प्रिंगची सीट लावा, हवा तो रंग द्या. क्रूझरचा आराम मिळेल आणि फ्रेमही शाबूत राहील.

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल. या फ्रेम भंगारात येतात कुठून? आपल्याच सोसायट्यांतून. ‘पार्किंग मोकळं करा’ म्हणून नोटीस लागते, टेम्पो येतो, आजोबांची सायकल किलोवर जाते. चारचाकीला जागा होते. त्याच सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी करून तीन किलोमीटर चालत घरी जातो, ते कुणाला दिसत नाही.

अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली थांबला, तोही ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच. जुनी चांगली फ्रेम गेली की गेली.

म्हणून मागणी साधी आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला विषय मांडा: सायकली भंगारात देण्याआधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलवा. ज्या चालण्यासारख्या आहेत त्या दुरुस्त करून ज्याला गरज आहे त्याला द्या. अगदीच गेलेल्या असतील त्या खुशाल भिंतीवर टांगा.

‘सायकलींचं शहर’ ही बिरुदावली आपण अजून मिरवतो. निदान जिन्याखाली उरलेल्या सायकली तरी रस्त्यावर आणू या.

तुमच्या सोसायटीत किती पडून आहेत? मोजा आणि कमेंटमध्ये आकडा टाका.