उपवास करा, पण गोळी आणि पाणी सोडू नका



यंदा बेळगावची थंडी थंडीसारखी वागलीच नाही. सकाळच्या मिस्साला स्वेटर घालून जायचे आणि अकरा वाजता घरी येऊन पंखा लावायचा, अशी गत. चर्चच्या आवारात सगळे खोकल्याबद्दल आणि आंब्याच्या मोहोराबद्दल बोलतात. मनाच्या आजारावर गोळ्या घेणाऱ्यांचे अशा हवेत काय होते, हे मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

माझा धाकटा भाऊ वीसहून अधिक वर्षे लिथियम घेतो. त्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही अक्का, नाव तेवढे घालू नको," म्हणाला. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी त्याने कडक उपवास धरला. मीठ बंद, दुपारपर्यंत पाणीही बंद. तो उपवास शुक्रवारपर्यंत ओढला आणि त्याच दिवशी भर उन्हात क्रुसाच्या वाटेला चालला. शनिवारी हाताची थरथर एवढी वाढली की कपातला चहा सांडायला लागला. जीभ जड, चालताना झोक जायचा, वर उलट्या. शेजारच्या एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "टीचर, घेतलीय काय थोडी?" आमच्या घरात दारूचा थेंब नव्हता. रक्त तपासले तेव्हा लिथियमची पातळी चढलेली निघाली. सलाईन लावून चार दिवस दवाखान्यात काढावे लागले.

कारण साधे आहे. लिथियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. घाम, उलटी, जुलाब किंवा उपवासाने अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते. गोळी तेवढीच, पण रक्तातले औषध वाढते. डोके दुखते म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्यात आणखी भर घालते. अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे त्यांनाच विचारावे.

दुसऱ्या गोळ्यांचेही तसेच. हातापायांचा ताठरपणा जाण्यासाठी देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, तोंड कोरडे पडते. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. अशा औषधांवरच्या काहींना उकाडा नीट कळतही नाही. सकाळी घातलेला स्वेटर भर दुपारी अंगावर असलेला माणूस दिसला तर हसू नका. "जरा सावलीत बसा हो, स्वेटर काढा, पाणी प्या," एवढे म्हणा.

भावाच्या बाबतीत चूक एकट्या त्याची नव्हती. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, तरी त्याच्या ताटात मीठ नाही याचे मला कौतुकच वाटले. चर्चच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन 18 ते 59 वयापर्यंतच आहे आणि आजारी माणसाला त्यातून सूट आहे. भाऊ तेव्हा 66 वर्षांचा होता. कम्युनियनच्या आधीच्या एका तासाच्या उपवासातही पाणी आणि औषध चालते. हे आम्हा दोघांना ठाऊक होते, पण त्या दिवशी कुणी आठवण करून दिली नाही.

म्हणून आपल्या फादरांना माझी विनंती आहे. उपवासकाळ सुरू होताना वेदीवरूनच सांगावे, की ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी पाणी, मीठ आणि जेवण तोडू नये. त्याऐवजी दानधर्म करावा, रुग्णाला भेटावे. आणि प्रार्थनासभेत कुणी "गोळ्या टाका, विश्वास ठेवा" म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे. कॅथलिक बायबलातल्या सिराखच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय वैद्याचा मान राखण्यापासूनच सुरू होतो. प्रार्थना आणि गोळी यांचे भांडण आपणच लावले आहे.

बीपीची गोळी आपण चारचौघांत घेतो, ही मात्र पदराआड. लपवल्यामुळेच माझ्या भावाच्या थरथरीला शेजाऱ्याने दारू समजले. त्याचा राग मला तेव्हा आला होता, आता नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आता सांगितले आहे. परवा तोच शेजारी गेटातून ओरडला, "टीचर, ऊन वाढलेय, भाऊ पाणी प्यायला काय?"

ज्यांना कुणाला विचारायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कॅम्प, बेळगाव