विश्लेषण : शाळेत पुस्तके आहेत, मग ती मुलांच्या घरी का जात नाहीत?

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना वाटेत दुसरबीड लागते. बुलढाणा जिल्ह्यातील सोयाबीन-कापसाच्या या पट्ट्यात शाळा गावोगावी आहेत. मात्र पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नाही अशी घरे इथे, आणि राज्यातल्या कोणत्याही ग्रामीण तालुक्यात, कमी नाहीत. अशा घरातल्या मुलाला गोष्टीचे पुस्तक मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळेचे वाचनालय. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 ही मुदत ठरवली आहे. त्यामुळे या वाचनालयाचे कपाट उघडे असते की कुलूपबंद, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरतो.

मुलांचे वाचन कुठे आहे?

‘असर’ 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. 2018 मध्ये हे प्रमाण 27.3 टक्के होते. करोनानंतर, 2022 मध्ये ते 20.5 टक्क्यांवर घसरले. म्हणजे घसरण भरून निघाली, पण गाडी पुन्हा जुन्याच जागी आली. पाचवीत हेच प्रमाण 48.8 टक्के, तर आठवीत 71.1 टक्के आहे. आठवीपर्यंत पोहोचलेल्या दर दहा मुलांपैकी जवळपास तिघांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. अशा मुलाला इतिहास, विज्ञान किंवा गणिताचे शाब्दिक उदाहरण कसे समजणार?

वाचनालयाने नेमके काय होते?

अक्षरे ओळखणे आणि सलग वाचणे यांत मोठे अंतर आहे. अक्षर लावत वाचणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष शब्द जुळवण्यात जाते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरली जाते. हा वेग भरपूर वाचनानेच वाढतो. वर्षभर तेच पाठ्यपुस्तक असेल तर धडे पाठ होतात आणि मूल वाचल्यासारखे करते. नवे, सोपे आणि आवडीचे पुस्तक हाती आले की खरे वाचन सुरू होते. शब्दसंग्रह वाढतो, लिखाण सुधारते. आणि पुस्तक स्वतः निवडलेले असेल तर मूल ते शेवटपर्यंत नेते.

याचा एक जुना आणि बोलका दाखला फिजी बेटांवरचा आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या अभ्यासकांनी तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत वर्गावर्गात सुमारे 250 चित्रमय गोष्टींची पुस्तके दिली. इंग्रजी ही त्या मुलांची दुसरी भाषा होती. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा वाचून आणि ऐकून समजण्यात या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती.

घरी पुस्तके आणि शिकवणारे माणूस असले तर काय होते, हे बुलढाण्याने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे 1882 मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडिलांनी त्यांना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले होते. असे घर तेव्हाही मोजक्यांना लाभत असे, आजही सर्वांना लाभत नाही. ती उणीव भरून काढणे हेच शाळेच्या वाचनालयाचे काम आहे.

कायदा आणि निधी काय सांगतो?

2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत वाचनालय हवे. त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या वाचनालयासाठी वर्षाला 5 हजार ते 20 हजार रुपयांची तरतूद आहे. बालपुस्तकाची सरासरी किंमत 50 रुपये धरली, तरी 5 हजारांत 100 पुस्तके येतात. राज्यात 2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. म्हणजे कायदा आहे, निधीची सोय आहे आणि दिवसही नेमलेला आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण माणसाची. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नसते. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळून वाचनालय पाहायचे असते.

दुसरी अडचण हिशेबाची. प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढते आणि त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. बदली झाली की मोजून पदभार द्यावा लागतो. पुस्तक हरवले तर विचारणा होते. ते कोणी वाचलेच नाही, तर मात्र कोणी विचारत नाही. साहजिकच पुस्तक कपाटात ठेवणे सर्वांत सुरक्षित वाटते.

तिसरी अडचण निवडीची. वरून गठ्ठ्याने आलेली चरित्रे आणि संदर्भग्रंथ दुसरीतल्या मुलाच्या कामाचे नसतात.

काय करता येईल?

सगळेच उपाय खर्चाचे नाहीत. पुण्याच्या ‘रूरल रिलेशन्स’चे प्रदीप लोखंडे यांनी गावांतल्या माध्यमिक शाळांत ‘ग्यान-की’ वाचनालये सुरू केली. ती शाळेतलीच एक विद्यार्थिनी सांभाळते. पुस्तक कोणी नेले, कधी परत आले याची साधी वही सातवी-आठवीची मुले नीट ठेवू शकतात.

आठवड्यातला एक तास देवाणघेवाणीसाठी, रोजची दहा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाला घरी न्यायला दोन पुस्तके, एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो. पुस्तके कमी असतील तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी इंटरनेटवर मोफत आहेत.

प्रशासनाच्या हातातही एक गोष्ट आहे : वापरामुळे फाटलेल्या किंवा हरवलेल्या ठरावीक पुस्तकांना हिशेबात मोकळेपणाने सूट देणे. तपासणीत ‘पुस्तके किती आहेत’ याबरोबर ‘या महिन्यात किती घरी गेली’ हेही विचारले, तर कपाटे आपोआप उघडतील.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर गावातील शाळेचे वाचनालय शाळेच्या वेळेनंतर गावकऱ्यांसाठीही खुले असावे, अशी अपेक्षा आहे. त्याआधी ते शाळेच्या वेळेत शाळेतल्या मुलांसाठी उघडायला हवे. दुसरबीडच्या तिसरीतल्या मुलासाठी तेवढे झाले, तरी 2026-27 च्या उद्दिष्टाला काही अर्थ उरेल.