शिधा रोखून लस टोचण्याचा हक्क कोणीं दिला?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, साथ आली कीं सरकारी अंमलदारापुढें दोन वाटा असतात. एक, वस्तीवर जाऊन रयतेस समजावून सांगण्याची. दुसरी, कचेरींत बसून हुकूम सोडण्याची. दुसरी सोपी, म्हणून तीच पसंत पडते!

नोव्हेंबर २०२१ मध्यें त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांत असाच हुकूम निघाला. कोरोनाच्या लसीचा निदान एक डोस घेतला नसेल, तर रेशन नाहीं, गॅस नाहीं, पेट्रोल नाहीं! कोणी कोणाचा दंड धरला नाहीं हें खरें. पण पोटास चिमटा घेतला. हा चिमटा बंगलेवाल्यास बसत नाहीं, कारण तो रेशनच्या रांगेंत उभाच राहत नाहीं. उद्यां नवी साथ आली व असा हुकूम आपल्या रावेर तालुक्यांत निघाला, तर चूल कोणाची विझेल? केळीचे घड कापून रोजावर जगणाऱ्या मजुराची, कुंभाराची, लोहाराची! रेशनचें धान्य ही मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें दिलेला तो हक्क आहे.

अंमलदार १८९७ च्या साथरोग कायद्याकडे बोट दाखवितात. इंग्रज सरकारनें प्लेगच्या वेळीं केलेला हा कायदा आजही चालू आहे. त्यानें सरकारास खास उपाय योजण्याची व तात्पुरते नियम करण्याची सत्ता दिली. परंतु लस हा शब्द त्यांत कोठेंही नाहीं. जबरीची लस त्यांत बसते काय? २ मे २०२२ रोजीं जेकब पुलियल यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं कोणाही माणसास जबरीनें लस टोचतां येणार नाहीं. घटनेच्या २१ व्या कलमानें आपल्या देहाचा धनी तो स्वतः आहे. लोकांच्या आरोग्यासाठीं सरकारास बंधनें घालतां येतील, पण तीं धोक्याच्या प्रमाणांतच असलीं पाहिजेत, असेंही न्यायालय म्हणालें. त्याच्या आदल्या वर्षीं, जून २०२१ मध्यें, मेघालयांत दुकानदार व टॅक्सीवाले यांस लस घेतल्याशिवाय धंदा करूं न देण्याचे हुकूम निघाले होते. तेथील हायकोर्टानें बजावलें, कीं जबरीनें लसीकरणाचा मूळ हेतूच बुडतो.

म्हणून लस वाईट, असें कोणी समजूं नये. देवीच्या रोगानें पिढ्यान् पिढ्या मुलें मेलीं, आंधळीं झालीं. १९७५ नंतर तो रोग या देशांतून गेला, तो नवसानें किंवा अंगाऱ्यानें गेला काय? लसीनें गेला! लसीच्या भीतीवर गंडेदोरे विकणारा भोंदू हाही रयतेचा वैरीच.

पण भीति म्हणजे केवळ अडाणीपणा, हेंही खोटें. १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलींतून टोचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. अशा भीतीस उत्तर द्यावें लागतें, दंडुका नव्हे. लसीनंतर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी लोकांसमोर मांडा, असें सर्वोच्च न्यायालयानेंही सरकारास बजावलें आहे.

१८९७ सालीं पुण्यांत रँडचे सोजीर प्लेगचे रोगी हुडकण्यासाठीं घरांत शिरले. त्याच मार्चांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. रोग एकच, वाटा दोन. रयतेनें आपलें मानलें तें कोणास, हें सांगावयास पाहिजे काय?

सरकारास आमचें मागणें इतकेंच : लस वस्तीवर आणा, ताप आल्यास डॉक्टर द्या, मजुराचा बुडालेला रोज भरून द्या. आणि बंधूंनो, लस जरूर घ्या, पोराबाळांसही द्या. परंतु कोणी शिधा अडवील, तर मान खाली घालून परत फिरूं नका. हुकूम लेखी मागा, कोणत्या कलमान्वयें तें विचारा, ग्रामसभेंत ठराव करा. देह आपला आहे, आणि धान्यही आपल्या हक्काचें आहे!