बाबांची पाळी

मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन पार पडलं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "चला, सुटलात एकदाचे! आता बोलायला लागेल ना?" हेतू चांगलाच असतो हो. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि बहुतेक घरांत ते एकट्या आईच्या गळ्यात पडतं. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

आधी थोडं तांत्रिक (सवय, दुसरं काय!). कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो आणि त्याचे विद्युत संकेत आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून थेट श्रवणनाडीला देतो. हे इलेक्ट्रोड कंपनीप्रमाणे १२ ते २२. निसर्गाने त्याच कामाला साधारण साडेतीन हजार पेशी नेमलेल्या असतात! म्हणजे पोचतो तो आवाज वेगळाच, आणि त्याचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं. दोन वर्षांच्या मुलाचं यंत्र आज चालू झालं तर त्याचं 'ऐकण्याचं वय' आज शून्य.

शिकवणार कोण? थेरपिस्ट भेटणार आठवड्यातून तास-दोन तास. मूल जागं असतं ते बाकीचे ऐंशी तास घरचेच. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, भाजी निवडणं, सगळं बोलत बोलत करायचं. मग ठरतं काय, तर आईने नोकरी सोडायची आणि बाबांनी खर्च बघायचा. खर्च मोठा असतो, मान्य. पण ऑपरेशनसाठी निदान केंद्र सरकारची एडीआयपी योजना तरी आहे. घरात बोलायला माणूस पुरवणारी योजना कुठून आणणार?

शिवाय इम्प्लांटमधून आवाजाचा चढउतार धूसरच पोचतो. त्यामुळे मुलाच्या कानावर वेगवेगळे आवाज पडायला हवेत. रोज एकच आवाज ऐकणाऱ्या मुलाला बाहेरच्या जगात जास्त अडणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

"मला नाही बुवा जमत तसं बोलायला," हे ठरलेलं उत्तर. बरं, मग सहा आवाजांपासून सुरुवात करा. डॅनिएल लिंग यांची ही चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. सकाळी मुलाच्या मागे उभं राहून, ओठ दिसू न देता एकेक आवाज काढायचा. ऐकू आला की मूल डब्यात ठोकळा टाकतं. दोन मिनिटांचं काम. काल ऐकू येणारा 'स' आज निसटला तर बॅटरी बघा, वायर बघा, तरीही नाही जमलं तर ऑडिऑलॉजिस्टला फोन करा. ऑफिसात रोज लॉग तपासणाऱ्या माणसाला हे अवघड आहे?

आणि रात्रीची गोष्ट बाबांनीच सांगावी. झोपताना प्रोसेसर काढला की मुलासाठी सगळं शांत होतं, म्हणून ती त्याआधीच सांगायला हवी. साडेआठचा क्लायंट कॉल साडेनवाला ढकलता येतो. मी ढकलतो. क्लायंट अजून तरी पळून गेलेला नाही.