घर उकलण्याआधी कागद करा

उसाचे बिल जमा झाले की आपल्या गावागावांत घरांची कामे निघतात. कुणी माळवद काढून स्लॅब टाकतो, कुणी मातीच्या भिंती पाडून विटांच्या उचलतो. आणि मृग तोंडावर आला की मालक-मिस्त्रींची भांडणे चावडीवर येतात.

सभासद बंधूंनो, काट्यावर वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलू देत नाही. तोडणीच्या मुकादमाला उचल देताना स्टॅम्प करून घेतो. मग घराचे लाखांचे काम 'गावातलाच माणूस आहे, बघू' म्हणून तोंडी कसे देतो?

आम्हीही तेच केले. गेल्या उन्हाळ्यात घर उकलले, तर मागची भिंत आतून पोकळ निघाली. स्लॅबचा भार ती घेणार नव्हती. मिस्त्री म्हणाला, पिलरचे काम ठरले नव्हते, पैसे निराळे. आम्ही म्हणालो, उक्ते दिले म्हणजे त्यात सगळे आले. दोघांचेही खरे होते, अन् तिथेच घोडे अडले. नऊ दिवस काम बंद, डोक्यावर नुसता प्लॅस्टिकचा कागद. शेवटी तडजोड झाली. पण त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका काही आमच्याकडे आली नाही.

जुन्या घराच्या पोटात काय आहे ते मालकालाही दिसत नाही, मिस्त्रीलाही नाही. म्हणून ठरवण्याआधी दोघांनी मिळून एक कोपरा उकरून पाहावा. वाढीव कामाचा दर आधीच लिहावा. ब्रास म्हणजे काय तेही लिहावे. वाळूचा ब्रास १०० घनफूट, गिलाव्याचा १०० चौरस फूट. त्यात दारे-खिडक्या वजा धरायच्या की नाही, यावरूनसुद्धा डोकी फुटतात! पैसे आठवडी बाजार बघून नव्हे, काम बघून द्यावेत: जोते, स्लॅब, गिलावा.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. मधेच 'एवढा ओटा वाढव की' म्हणणारे आपणच, आणि बिल लांबले की मजुरांना ताटकळत ठेवणारेही आपणच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पण तिथेही कागद लागतोच.

आमची सूचना एवढीच, की कारखान्याच्या स्थापत्य खात्याने एक पानी करारनामा छापून प्रत्येक गट ऑफिसात ठेवावा. संचालक मंडळाने हंगाम संपण्याआधी याचा विचार करावा.